कमळाखालची वस्ती



कामगार चळवळीतल्या माणसाने कमळावर बोलावे, ह्याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कमळ म्हटले की लक्ष्मी आठवते, कवी आठवतात. आम्हांला मात्र भंडारा-गोंदियाकडची तळी आणि त्यांत छातीभर पाण्यात उभे राहून राबणारे ढिवर आठवतात. म्हणून आज फुलाविषयी थोडे आणि फुलाखालच्या वस्तीविषयी अधिक बोलणार आहोत.

चिखलात राहून चिखल लागू न देणारे, अशी कमळाची कीर्ती आहे. ती खोटी नाही. पानावर सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांवर मेणाचा लेप असतो. थेंब त्यांच्या टोकांवर तोलला जातो आणि घरंगळताना धूळ घेऊन जातो. बार्थलॉट आणि नाइनहुइस ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी १९९७ साली हे सविस्तर दाखवून दिले.

पण ही अर्धीच हकीकत झाली. कमळाचे खोड चिखलातच आडवे पसरलेले असते. बाजारात आपण कमळकाकडी घेतो, ते हेच खोड. ती चिरली की आत भोके दिसतात. त्या हवेच्या वाटा आहेत. तळाच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. वर पानाच्या आत हवेचा दाब वाढतो, ती हवा देठातून खाली काकडीपर्यंत जाते आणि दुसऱ्या नळ्यांतून परतून पानाच्या मध्यावरच्या रंध्रांतून बाहेर पडते. तेथे पाणी साचले असेल, तर त्यातून बुडबुडे येताना दिसतात. म्हणजे वरचे पान खालच्याला श्वास पुरवते आणि खालचे खोड वरच्याला अन्नपाणी. ह्यात अलिप्तपणा कुठे आला?

ह्या देवघेवीवर मोठा संसार उभा असतो. पानांच्या सावलीने पाणी थंड राहते आणि शेवाळ माजत नाही. देठांच्या गर्दीत माशांची पिले लपतात. मरळ वनस्पतींमध्येच घरटे करते आणि नर अंड्यांची राखण करतो. चतुराची अळी पाण्यात डासांच्या अळ्या खाऊन वाढते आणि एके दिवशी देठावर चढून, कात टाकून उडून जाते. लांब बोटांचा कमळपक्षी पानांवरून चालतो, तेथेच त्याची अंडी असतात. मादी दुसऱ्या नराकडे निघून जाते. उबवण्याचे आणि पिले वाढवण्याचे काम बापाकडे! आमच्या माताभगिनींनी हे घरी अवश्य सांगावे.

मात्र कमळाला मोकळे रान दिले, तर ते सारे पाणी झाकून टाकते. मग खालच्या वनस्पतींना ऊन मिळत नाही, पाने कुजतात, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. तेव्हा कमळ हवे, पण बेताने. हा बेत राखतो कोण? काकडी खणणारे, फुले आणि कमळगट्टा काढणारे हात. त्यांच्या पोटाची सोय आणि तळ्याची निगा एकाच कष्टात होते.

पूर्व विदर्भातली पुष्कळ तळी कोहळी लोकांनी बांधली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तळी सरकारकडे आली. पुढे कित्येक तळी गाळाने भरली, काठची बेशरम आत शिरली. अलीकडच्या वर्षांत ढिवर स्त्रीपुरुषांनी काही तळ्यांतली बेशरम उपटली, तळ नांगरला, देशी पाणवनस्पती हातांनी लावल्या. तेथे मासे आणि पक्षी परतू लागले.

शहरांकडे पाहा. तळ्यात सांडपाणी सोडले की त्यावर पोसून दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी माजते. मग ती काढण्यासाठी यंत्रे येतात, ठेके निघतात. मुळाशी असलेले सांडपाणी तसेच राहते, आणि ज्याला ते पाणी ठाऊक आहे त्या मासेमाराला कोणी विचारीत नाही.

‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपण लाचखाऊंना उद्देशून उपहासाने वापरतो. आमच्या मते ती न्यायाची म्हण आहे. जो खरोखर राखतो, त्याला चाखण्याचा हक्क असलाच पाहिजे. तळ्याचा ठेका कोणाला, मुदत किती, पाणी किती ठेवायचे, हे ठरवताना राखणाऱ्यांना बैठकीत जागा हवी. आपल्या गावच्या तळ्याचा प्रश्न नगरपालिकेत येईल, तेव्हा आपण श्रोत्यांनी एवढे एकच विचारावे: चिखलात उतरणाऱ्यांना बोलावले आहे काय?