छायाचित्र कोणाच्या हाती?
(कामगार अभ्यासवर्गातील भाषण)



१ फेब्रुवारी १९६८. अमेरिकेतील मेंफिस शहरात पाऊस पडत होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार आडोशासाठी कचरागाडीत शिरले. कचरा दाबणारे यंत्र अचानक चालू झाले आणि दोघेही चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला सुमारे १३०० कामगार संपावर गेले. मागण्या आपल्या ओळखीच्याच होत्या : युनियनला मान्यता, पगारातून वर्गणीची कपात, पगारवाढ, सुरक्षितता. महापौरांनी संप बेकायदा ठरवला.

२८ मार्चच्या मोर्चाआधी अर्नेस्ट विदर्स या कृष्णवर्णीय छायाचित्रकाराने एक छायाचित्र घेतले. रस्ताभर कामगार दाटीने उभे आहेत आणि सर्वांच्या हाती एकच फलक : 'मी माणूस आहे'. वयस्क कृष्णवर्णीय कामगारालाही गोरे लोक 'ए पोरा' म्हणत; त्याला दिलेले हे उत्तर होते.

मोर्चा निघाला. काही तरुणांनी दुकानांच्या काचा फोडल्या. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लाठ्या चालवल्या. १६ वर्षांचा लॅरी पेन पोलिसाच्या गोळीने मारला गेला. ४ एप्रिलला, या लढ्यासाठी आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. अखेर १६ एप्रिलला तडजोड होऊन युनियनला मान्यता मिळाली.

आता दुसरी बाजू ऐका. विदर्स २००७ साली वारले. २०१० मध्ये मेंफिसच्याच एका वृत्तपत्राने उघड केले, की ते एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेचे खबरे होते. चळवळीतील माणसांची माहिती आणि छायाचित्रे ते तिकडे पोचवत.

मग ते छायाचित्र खोटे ठरते काय? मुळीच नाही. फलक धरणाऱ्यांनी आपले म्हणणे भर रस्त्यात, तोंड न लपवता मांडले होते. पण तोच चेहरा वृत्तपत्रात हक्क मागणारा माणूस असतो आणि गुप्त फायलीत नुसती नोंद होतो. फरक पडतो तो छायाचित्राची प्रत कोणाकडे जाते यावर.

म्हणून एकच विनंती. आपल्या शाखांच्या कपाटांत संपांचे, मोर्चांचे फोटो पडून असतात. बहुतेकांची मागची बाजू कोरी. सरकारी फायलीत मात्र नाव आणि तारीख असते. जुने साथी हयात आहेत तोवर त्यांना विचारून त्या कोऱ्या बाजूवर नावे लिहा. आपला इतिहास आपल्याच अक्षरात राहू द्या.

एवढे सांगून मी थांबतो.