दागिना देण्याआधी कागद वाचा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचेच. पण आपल्या गल्लीतली मुले आखाती देशांत कामाला जाऊ लागली आहेत, म्हणून घरच्या अनुभवातून शिकले ते सांगते.

माझा भाचा नववीतून शाळा सोडून अंबडच्या एका कारखान्यात वेल्डिंग शिकला. आठ वर्षांत हात असा बसला की, जोड शोधून सापडू नये. एका एजंटाने त्याला सौदी अरेबियात पाठवले. व्हिसा कोणी नीट वाचून घेतला नाही. तिकडे गेल्यावर कळले, त्यावर 'साधा मजूर' लिहिले होते. दोन वर्षे त्याने लोखंड उचलले आणि पगारही मजुराचाच घेतला. एजंटाचे पैसे भरायला बहिणीने पाटल्या गहाण ठेवल्या होत्या!

परमुलखात आधी हात पाहत नाहीत, कागद पाहतात. २०२५ पासून तर सौदी सरकारने परदेशी कामगारांचे तीन वर्ग केले आहेत: उच्च कुशल, कुशल आणि सामान्य. शिक्षण, अनुभव, पगार वगैरे पाहून वर्ग ठरतो.

आपल्याकडेही १९८३ चा कायदा आहे. दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट सहसा 'ईसीआर' प्रकारचा असतो. अशांना नोकरीसाठी सौदी, कुवेत, कतार वगैरे १८ देशांत जायचे तर सरकारी परवानगी लागते. बाई असेल तर वय ३० हवे. ही अडवणूक नव्हे, राखण आहे. "फिरायच्या व्हिसावर जा, तिकडे बदलून घेऊ," असे एजंट म्हणाला, की ती राखण सुटली असे समजा. एजंटाचे नाव सरकारच्या ई-मायग्रेट यादीत आहे का, ते पाहावे. ३०,००० रुपये व त्यावरील कर, याहून अधिक मेहनताना त्याला घेता येत नाही. करारातले काम आणि व्हिसावरचे काम एकच आहे ना, हे जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावे. मगच दागिन्याला हात लावावा.

भाच्याने परत आल्यावर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी केली. आता सातपूरच्या आयटीआयमधून वेल्डरचा दाखला मिळवण्याच्या खटपटीत आहे.

भगिनींनो, पाचवी झालेल्या बाईलाही तो फॉर्म भरता येतो. मंडळाने दुपारचे दोन तास दहावीच्या अभ्यासाला द्यावेत, एवढीच माझी विनंती. यादीत पहिले नाव माझे लिहा.