पुरानंतरची फरशी आणि मजुराची त्वचा



२६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा पुरानंतर आपण भिजलेल्या सामानाचा हिशेब मांडतों; परंतु सुटलेल्या लाद्या व फुगलेल्या लाकडी पट्ट्या उखडणाऱ्या मजुराच्या त्वचेचा हिशेब कोण मांडतो?

सतत भिजणारी त्वचा मऊ पडते. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. शिवाय लाद्यांच्या धारदार कडांनीं हात खरचटतात. पुराच्या पाण्यांत उंदरांचें मूत्र मिसळलेलें असतें. त्यांतील लेप्टोस्पायरा नांवाचे जंतु अशाच जखमांवाटे शरीरांत शिरतात. २००५ च्या त्या पुरानंतर मुंबईंत या रोगाची साथ उसळली होती. ताप येतो तो बहुधा ५ ते १४ दिवसांनीं. तोंवर मजूर दुसऱ्या कामावर गेलेला असतो. तापाचें मूळ आपल्या घरच्या फरशीखालीं होतें, हें त्याच्या ध्यानांतही येत नाहीं. पट्ट्यांतील गंजके खिळे धनुर्वातास कारण होतात, तें वेगळेंच.

नवी फरशी बसवितांना दुसरा शत्रु भेटतो. कालवलेलें सिमेंट तीव्र क्षारधर्मी असतें. गुडघे टेकून काम करणाऱ्यास प्रथम कांहींच जाणवत नाहीं. कांहीं तासांनीं मात्र त्वचा खोल भाजलेली दिसते. सिमेंटमधील क्रोमियमचें वावडें एकदां जडलें, कीं तें बहुधा जन्मभर राहतें आणि पुढें अल्प स्पर्शानेंही हातांस खाज व भेगा येतात. ज्याचें पोट हातांवर, त्याला ही आपत्ति लहान नव्हे.

उपाय साधे आहेत. रबरी हातमोजे, गमबूट, गुडघ्यांस पाणी न शोषणारें आच्छादन, जखमेवर पट्टी, तसेंच हात धुण्यास साबण व स्वच्छ पाणी असावें. मोज्यांत सिमेंट शिरल्यास ते तत्काळ काढावे. आंत कोंडलेलें सिमेंट अधिकच भाजतें. हातांस लागलेला चिकट पदार्थ रॉकेलनें काढूं नये. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. पुढें ताप आल्यास डॉक्टरांस पुराच्या पाण्यांत काम केल्याचें अवश्य सांगावें.

रोजावर येणाऱ्या मजुरानें हें सामान विकत घ्यावयाचें, तर तें त्याच्या रोजांतूनच जाणार. म्हणून फरशीचा दर ठरवितांनाच गृहस्थानें हा खर्च त्यांत धरावा, आणि मोजे हातांत चढल्याखेरीज पहार उचलूं देऊं नये.