हबशी माणसाने वसवलेली राजधानी

(चांदवड येथे सहलीपूर्वी झालेल्या बैठकीतील भाषण)



मित्रांनो आणि भगिनींनो, रविवारच्या सहलीची यादी तुमच्या हातात आहे. दौलताबाद, वेरूळ, खुलताबाद, बीबी का मकबरा, पाणचक्की. छत्रपती संभाजीनगरला जाणारी गाडी शाळेची असो, कंपनीची असो की पाहुणेमंडळींची, साधारण हीच ठिकाणं फिरून येते. यादी चुकीची नाही. पण ज्याने ते शहर राजधानी म्हणून वसवलं, त्याचं नाव तिच्यात कुठेच नाही. म्हणून आज थोडा वेळ मागून घेतला.

मलिक अंबर. चौथीपासून नाव ऐकलेलं आहे, बहुतेकांना गनिमी कावा आणि जमीन महसूल एवढं आठवतं. तो आला कुठून, हे विचारलं की उत्तर येतं, "हबशी होता." बस्स, गोष्ट संपली. हबशी म्हणजे हबश देशचा, आजच्या इथिओपियाचा. जन्म साधारण १५४८ चा, मूळ नाव चापू. लहानपणी विकला गेला. तांबड्या समुद्राच्या पलीकडे मोखाच्या बाजारात, मग बगदादला. तिथल्या मालकाने त्याला मुसलमान केलं, शिकवलं, अंबर नाव दिलं. पुढे तो दख्खनमध्ये विकला गेला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला घेतलं. गंमत बघा, हा पेशवा स्वतःही एके काळचा हबशी गुलामच. चंगीजखान वारल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मोकळं केलं.

आता इथे मला थांबायचं आहे, कारण आपण इथे कधी थांबत नाही. त्या पोराला विकणारे कोण होते? विकत घेणारे कोण होते? मुसलमान होते. युरोपियनांनी अटलांटिकवर जे केलं ते आपण तावातावाने सांगतो, आणि सांगायलाच हवं. पण तांबडा समुद्र आणि हिंदी महासागर यांवरचा माणसांचा बाजार आपल्या भाषणांत येत नाही. फार तर कोणी म्हणतं, आपल्याकडे गुलामाला सरदार होता येत होतं. खरं आहे, अंबर झाला. पण एक अंबर वर आला म्हणून बाकीच्यांचा हिशोब मिटत नाही. विल्यम फिंच नावाचा इंग्रज १६१० च्या सुमाराला लिहून गेला की अंबरच्या फौजेत त्याच्या जातीचे दहा हजार हबशी आहेत आणि चाळीस हजार दख्खनी. त्या दहा हजारांतले कितीतरी विकत घेतलेलेच होते. स्वतः विकला गेलेला माणूसही तो बाजार बंद करायला गेला नाही. हेही सहलीत सांगायचं.

सांगायची हिंमत कशी असते ते बघायचं तर सेनेगलची राजधानी डाकार. तिथे शहर बघायला आलेल्या पाहुण्याला बोटीत बसवून समोरच्या गोरे बेटावर नेतात. वीसेक मिनिटांचा प्रवास. बेटावर १७७६ च्या सुमाराचं एक घर आहे, त्याला 'गुलामांचं घर' म्हणतात. खाली कोंडायच्या खोल्या, मागे समुद्राकडे उघडणारं दार. बेट १९७८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्या एका घरातून नेमकी किती माणसं गेली यावर इतिहासकारांचा वाद आहे, आणि पूर्वी सांगितले जाणारे आकडे फुगवलेले होते असं बऱ्याच जणांचं मत आहे. तरी त्या शहराने दुखरी जागा सहलीतून काढून टाकली नाही. आपण दोन्ही गोष्टी घ्याव्यात, दुखरी जागा दाखवायची आणि आकडा फुगवायचा नाही. आपल्याकडचे काही गाइड भुयारांच्या ज्या कथा सांगतात त्या ऐकून घ्या, वहीत लिहू नका.

आणि फार लांब जायची गरज नाही. नाशिकचा शरणपूर रोड आपल्या सगळ्यांच्या पायाखालचा. हे शरणपूर ख्रिस्ती मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वसवलं. ब्रिटिश नौदलाने अरबांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवली जायची, त्यातली बरीच शरणपूरला शिकायला यायची. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं. याकोब वेनराइट हा त्यातलाच. डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये मध्य आफ्रिकेत वारला, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना याने वाचली, झाडावर नाव-तारीख याने कोरली, आणि लंडनला शव नेताना सोबत गेलेला आफ्रिकन साथीदार हाच. इंग्रजीत या मुलांना 'नासिक बॉइज' म्हणत. पुढे त्यातले कित्येक मोंबासाजवळच्या फ्रेरटाऊनला जाऊन राहिले. ते गाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या नावाचं. झांझिबारचा गुलामबाजार १८७३ मध्ये बंद झाला त्यामागेही फ्रेअरच होते. त्या बाजाराला पैसा पुरवणाऱ्यांत आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचे कच्छी-गुजराती व्यापारी होते, हिंदूही आणि मुसलमानही. तेव्हा बोट दाखवायला निघालो तर चार बोटं आपल्याकडेच येतात.

परत अंबरकडे. १६०० मध्ये चांदबीबी मारली गेली, अहमदनगर मोगलांकडे गेलं. निजामशाही संपली असं सगळ्यांनी धरलं होतं. अंबरने परांड्याला मुर्तजा नावाच्या राजपुत्राला गादीवर बसवलं आणि पंचवीस-सव्वीस वर्षं अकबर-जहांगीरच्या फौजांना दख्खनमध्ये पाय रोवू दिले नाहीत. आपल्या या नाशिक-दौलताबाद पट्ट्यावर तेव्हा राजू दख्खनीचा अंमल होता, त्याला अंबरने १६०७ मध्ये हटवलं. जहांगीर इतका चिडला होता की त्याने चित्रकार अबुल हसनकडून एक चित्र काढून घेतलं. बादशाह पृथ्वीच्या गोलावर उभा राहून अंबरच्या भाल्यावर टोचलेल्या मुंडक्यावर बाण मारतोय. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधी मिळालं नाही. १६२४ ला भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोघांना एकत्र हरवलं, तेव्हा अंबरच्या बाजूने शहाजीराजे लढत होते आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच कामी आले. आज ज्यांना भोसले आणि हबशी एका ओळीत नको वाटतात, त्यांनी भातवडीला एकदा जाऊन यावं. नगरपासून जवळच आहे.

खडकी गावाजवळ १६१० मध्ये त्याने राजधानी वसवली. गावाचं नाव खडकी होतं ते खडकीच ठेवलं, स्वतःचं दिलं नाही. १६२६ मध्ये तो वारल्यावर मुलाने, फतेहखानाने, फतेहनगर केलं. १६५३ ला दख्खनचा सुभेदार असताना औरंगजेबाने औरंगाबाद केलं. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नावावरून आपल्या पोरांची डोकी फुटली, गुन्हे दाखल झाले. पण शहराला पाणी कोणी पाजलं, हे त्या भांडणात कोणाच्या तोंडी आलं नाही.

पाणी हे मला या सहलीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चांदवडकरांना उन्हाळ्यातल्या टँकरचं कौतुक सांगायला नको. राजधानी करायची तर पाणी हवं, आणि खडकीला ते पुरेसं नव्हतं. अंबरने उत्तरेकडच्या टेकड्यांच्या बाजूला जमिनीत मुरलेलं पाणी धरलं आणि जमिनीखालून नहर काढून शहरात आणलं. पंप नाही, मोट नाही, उतार आणि दाब एवढ्यावर सगळं काम. मधे मधे मनोरे, त्यांना बंबे म्हणतात, तिथे पाणी वर चढून हवा सुटते आणि पुढे ढकललं जातं. ही नहर-ए-अंबरी. नंतरच्या लोकांनी हेच तंत्र वापरून आणखी नहरी काढल्या. तुमच्या यादीतली पाणचक्की चालते ती अशाच एका नंतरच्या नहरीवर, अठराव्या शतकातली. पाणचक्कीला फोटो काढणारी गर्दी आणि मूळ नहरीचे मनोरे रस्ते, बांधकामं यांच्या तडाख्यात, अशी अवस्था आहे. शहर तिकडे जायकवाडीच्या पाण्याची वाट बघत बसतं.

म्हणून यादीत तीन बदल सुचवतो. सुरुवात भडकल दरवाजापासून करू. मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून अंबरने तो १६१२ मध्ये बांधला. समोर बाबासाहेबांचा पुतळा आहे, चौदा एप्रिलला शहर तिथे लोटतं. विकल्या गेलेल्या पोराने बांधलेला दरवाजा आणि त्यासमोर बाबासाहेब, यावर मी वेगळं काही बोलणार नाही, तिथे उभं राहून बघा. दुसरं, नहरीचा निदान एक बंबा बघू, पाणचक्कीच्या आधी. मग जामा मशीद, तिचं काम अंबरने सुरू केलं, औरंगजेबाने वाढवली.

तिसरं खुलताबाद. सगळ्या गाड्या शेख झैनुद्दीनच्या दर्ग्यात औरंगजेबाच्या कबरीशी थांबतात. २०२५ च्या मार्चमध्ये त्या कबरीवरून काय झालं, नागपूरपर्यंत कशी आग गेली, ते आपण पाहिलं. आपणही जाऊ, साधी कबर आहे, बघून येऊ. पण त्यासाठी ना छाती फुगवायची गरज आहे ना मान खाली घालायची. वेळ अंबरच्या मकबऱ्याला जास्त द्यायचा.

आणि एक घरातली गोष्ट. हजरत बिलाल हबशी होते, पहिले मुअज्जिन. मक्केत छळ झाला तेव्हा पहिले मुसलमान आसऱ्याला गेले ते हबशच्या नजाशी राजाकडे, आणि तो ख्रिस्ती होता. हे आपण दर मिलादला सांगतो. मग घरी येऊन काळ्या रंगाच्या पोराला "हबशी दिसतोय" म्हणून चिडवतो, रिश्ता बघताना मुलीचा रंग विचारतो. सिद्दी घरात मुलगी द्यायला किती जण तयार होतील, हात वर करा असं मी म्हणणार नाही, उगाच शांतता पसरेल. गाडीत मात्र हा विषय काढा. जायला-यायला वेळ भरपूर आहे.

गाडी सकाळी सहाला रंगमहालापाशी लागेल. अहिल्याबाईंच्या वाड्यासमोर उभं राहायचंच आहे, तर पाच मिनिटं आधी या. दुपारचा डबा आपापला, पाण्याची बाटली मोठी. खुलताबादला अंबरच्या मकबऱ्याजवळच त्याची बायको बीबी करीमा हिचा मकबरा आहे, तिथे शेवटचा थांबा. आता प्रश्न असतील तर विचारा.