वाडीला ऐकू येतं



माझ्या लहानपणी आमच्या वाडीतल्या एका घरातून तिन्हीसांजेला मारहाणीचा आवाज यायचा. माझी आजी तेव्हा देवघरातली घंटा नेहमीपेक्षा जोरात वाजवायची, आम्हा पोरांच्या कानावर ते पडू नये म्हणून. आजी निर्दय नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या काकींना परसात बोलावून हळद-तेल लावायची, पेज वाढायची. पण त्या रात्री त्या घराची पायरी कोणी चढलं नाही. पडवीत बसलेले आजोबाही उठले नाहीत.

कोकणातल्या वाडीत काही लपत नाही. कोणाच्या चुलीवर काय शिजलं इथपासून कोणाच्या मुलानं मुंबईहून पैसे धाडले नाहीत इथपर्यंत सगळं सगळ्यांना ठाऊक असतं, आणि त्यावर बोललंही जातं. मग बाईला मार बसतो तेव्हाच ‘नवराबायकोचं भांडण, आपण कशाला पडा’ हे वाक्य कुठून येतं? मला आज त्या वाक्याविषयी बोलायचं आहे.

रत्नागिरीतलं मनोरुग्णालय १८८६ पासूनचं. मनाच्या दुखण्यावर उपचार असतात हे या शहराला सांगावं लागत नाही. बाईची झोप उडाली, ती बोलेनाशी झाली, तर तिला डॉक्टरांकडे न्यायलाच हवं. पण औषध घेऊन ती ज्या घरात परत जाते, त्या घराचं काय? १९६५ साली अमेरिकेत स्वॅम्पस्कॉट इथे जमलेल्या मानसशास्त्रज्ञांनी दवाखान्याबाहेर, वस्तीत जाऊन काम करायचं ठरवलं. सामुदायिक मानसशास्त्र तिथून उभं राहिलं. त्या नजरेनं पाहिलं की मार खाणारी बाई एकटी दिसत नाही. मारणारा नवरा, ‘सांभाळून घे’ म्हणणारी आई, ऐकून गप्प राहणारे शेजारी, सगळे तिच्याभोवती दिसू लागतात.

समाज जागा झाला की बाई वाचली, इतकं मात्र हे सोपं नाही. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी देवरुखच्या जोशांच्या घरातल्या विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी सभा भरवून त्यांना वाळीत टाकलं. गाव एकत्र आलं होतं, पण कोणाच्या विरोधात? गावकीची ताकद मी कधीच कमी लेखत नाही. ती कोणत्या बाजूला उभी राहते, ही माझी काळजी आहे.

‘मिटवून टाका’ या शब्दांची मला म्हणूनच भीती वाटते. १५ ऑगस्ट २००७ ला राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचा, पाटाच्या पाण्याचा वाद चार माणसांत बसून सुटला तर उत्तमच. पण मारहाण हा दोघांमधला तंटा नव्हे. चार पुरुष बसतात, नवऱ्याची समजूत काढतात, बाईला नांदायला परत पाठवतात, आणि कागदावर गावात शांतता नांदते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या देशभरातल्या बायकांपैकी फक्त १४ टक्क्यांनी मदत मागितली होती. ७७ टक्के बायकांनी मदतही मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलंही नव्हतं. शांतता म्हणतो ती बरेचदा ही असते.

वेगळा रस्ता आपल्याच राज्यात निघाला. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारातच प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसू लागली. बाईला काय हवं आहे ते आधी ऐकायचं, आणि तिच्या निर्णयामागे पोलीस, वकील, नातेवाईक उभे करायचे, असं ते काम. पुढे राज्य सरकारनं ही पद्धत जिल्ह्याजिल्ह्यांत नेली.

आणि शेजाऱ्यांसाठी कायद्यात जागा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं चौथं कलम वाचा. हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होईल असं ज्याला सकारण वाटतं, असा कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर त्याची कसलीही जबाबदारी येत नाही. म्हणजे ‘आपण कशाला पडा’ या प्रश्नाला कायद्यानं उत्तर देऊन ठेवलं आहे. तिच्या जिवाला धोका दिसला तर तिथल्या तिथे ११२ ला फोन करा. एरवी दार वाजवा, विरजण मागायला आलो म्हणा. मारणारा हात तेवढ्यापुरता थांबतो. दुसऱ्या दिवशी ती एकटी असताना विचारा, ‘तुला काय हवंय?’ आणि ती सांगेल तेच करा, त्याहून जास्त नको.

त्या काकी आज नाहीत. शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेले तेव्हा म्हणाल्या, ‘तुझ्या आजीची घंटा ऐकली ना, की वाटायचं, आता कोणीतरी येईल.’

ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं आपल्याकडे कायद्यानं बंधनकारक आहे. त्या सभेत पाणी, रस्ता, दिवाबत्ती हे विषय असतातच. पुढच्या खेपेला संरक्षण अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर मोठ्यानं वाचून दाखवा, आणि अंगणवाडीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून घ्या.