घार पाहिल्याशिवाय घार काढू नका



'अ‍ॅनिमेशन क्षेत्रातील संधी' या विषयावर मी मार्गदर्शन करावं, असं निमंत्रणपत्रात लिहिलं आहे. करणार आहे. पण शाळेच्या या पटांगणात पाऊल टाकलं आणि आधी ती जुनी घंटा दिसली, मग पिंपळाचा पार दिसला, आणि पहिल्या रांगेत आमचे चित्रकलेचे सर बसलेले दिसले. सर, तुम्ही समोर असताना मी कोणाला काय मार्गदर्शन करणार? मला येतं त्यातलं मुळाचं सगळं तुम्ही दिलेलं आहे.

आमच्या वेळी शनिवारी सकाळची शाळा असायची. शेवटच्या तासाला सर आम्हाला रांगेनं मोती तलावाच्या काठावर न्यायचे. हातात वही, शिसपेन्सिल आणि खोडरबर. खोडरबर सर तिथं पोचल्यावर काढून घ्यायचे! कोणी पुस्तकातला पक्षी उतरवायला लागलं की पुस्तक मिटायचे आणि वर बोट दाखवायचे. "ती बघ घार. वळताना शेपटी कशी तिरकी करते ते बघ आणि मग काढ." वर्गात लाकडी खेळणी बनवणाऱ्या चितारआळीतली मुलं होती, त्यांच्या नखांत खेळण्यांचा रंग असायचा. लाकडी आंब्यावर देठाजवळची लाली कुठं संपते, ते त्यांना कोणी शिकवावं लागत नसे. इथून जवळच पिंगुळीला चित्रकथीची परंपरा आहे. एकेक चित्र पुढं धरत, गात गोष्ट सांगायची. चित्रांतून गोष्ट पुढं नेण्याची कला आपल्या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे, हे मला मुंबईत काम करताना कळलं आणि फार अभिमान वाटला.

आता विषयाकडे येते. मी जे काम करते त्यात एका सेकंदाला चोवीस चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी सेकंदाला बारा चित्रं. बाकीचं तांत्रिक तुम्हाला इंटरनेटवर मिळेल. मी तुम्हाला एका सिनेमाची गोष्ट सांगते, कारण मला जे सांगायचं आहे ते सगळं त्यात आहे.

१९७७ साली डिस्नेचा 'द रेस्क्यूअर्स' आला. बर्नार्ड आणि बियांका हे दोन उंदीर एका अनाथ मुलीला सोडवतात, अशी गोष्ट. डिस्नेचे म्हातारे गुरू त्यावर काम करत होते. त्यांच्यातल्या ऑली जॉन्स्टन यांच्या हाताखाली ग्लेन कीन नावाचा एक तरुण शिकत होता. तेरा वर्षांनी, १९९० मध्ये, त्याच गोष्टीचा दुसरा भाग आला, 'द रेस्क्यूअर्स डाउन अंडर'. डिस्नेनं आपल्या अ‍ॅनिमेशनपटाचा पुढचा भाग चित्रपटगृहांसाठी बनवला तो हा पहिलाच. तोवर शिकाऊ ग्लेन कीन स्वतः मोठा चित्रकार झाला होता, आणि त्याच्याकडे काम आलं एका गरुडाचं.

गोष्ट ऑस्ट्रेलियात घडते. कोडी नावाचा मुलगा सापळ्यात अडकलेल्या माराहुते या प्रचंड सुवर्णगरुडाला सोडवतो. मुलगा कड्यावरून खाली कोसळतो आणि ती मादी झेप घेऊन त्याला पाठीवर झेलते. पुढं एक शिकारी मुलाला पळवतो आणि बर्नार्ड-बियांका न्यूयॉर्कहून त्याच्या मदतीला निघतात. पण मला सांगायचं आहे ते त्या उड्डाणाबद्दल. ते काढण्यासाठी मंडळी ऑस्ट्रेलियात गेली, काकाडूचं राष्ट्रीय उद्यान, तिथले खडक आणि तिथला उजेड डोळ्यांनी पाहून आली. गरुडासाठी जिवंत गरुड पाहिले, पेंढा भरलेला गरुड पाहिला, हाडांचा सांगाडासुद्धा पाहिला. इतकं पाहिल्यावर कीननं त्यात बदल केले: डोकं लहान केलं, पंख लांबवले, छाती फुगवली, पंखांची गती खऱ्यापेक्षा कमी केली, म्हणजे तो पक्षी अवाढव्य वाटेल. मुलांनो, हे नीट ऐका. खरं काय आहे ते पुरतं पाहिलेल्या माणसालाच त्यात काय बदलायचं ते कळतं. अंगावर शेकडो पिसं, प्रत्येक चित्रात ती सगळी काढायची, त्यामुळं अख्ख्या सिनेमात ती गरुडीण जेमतेम सात मिनिटं दिसते. ती सात मिनिटं मी आजही माझ्याकडे नव्यानं आलेल्या मुलांना दाखवते.

आणखी एक सांगते. पहिल्या सिनेमात ऑर्व्हिल नावाचा अल्बाट्रॉस पक्षी होता. त्याला आवाज देणारे जिम जॉर्डन १९८८ मध्ये वारले. दुसऱ्या भागात तोच पक्षी दुसऱ्या आवाजात बोलता करणं सोपं होतं. डिस्नेनं तसं केलं नाही. ऑर्व्हिलचा भाऊ विल्बर आणला. राइट बंधूंची नावं पुरी झाली आणि गेलेल्या कलावंताची जागा त्याचीच राहिली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

या सिनेमाबद्दल हमखास सांगितलं जातं की तो 'कॉम्प्युटरवर' केला. त्यात अर्धंच खरं आहे. आधी पारदर्शक सेलवर बाह्यरेषा उतरवून मागून हातानं रंग भरत. या सिनेमात कागदावरची पेन्सिलीची चित्रं स्कॅन करून रंग संगणकावर भरले. पूर्ण लांबीचा सिनेमा असा करण्याची ती पहिलीच वेळ, आणि १९९२ मध्ये त्या यंत्रणेला तांत्रिक ऑस्करही मिळालं. पण गरुडाची प्रत्येक रेष हातची होती. रंग भरणारं यंत्र बदललं, पाहणारा डोळा माणसाचाच राहिला.

आणि लोकांनी काय केलं? १६ नोव्हेंबर १९९० ला हा सिनेमा लागला. त्याच दिवशी 'होम अलोन' लागला. पहिल्या तीन दिवसांत याला सुमारे पस्तीस लाख डॉलर मिळाले, चौथा नंबर. स्टुडिओनं टीव्हीवरच्या जाहिराती थांबवल्या. अमेरिकेत एकूण कमाई झाली सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर, आदल्या वर्षीच्या 'द लिटल मर्मेड'च्या जवळपास एक तृतीयांश. हे जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा मला वाईट वाटतं. तीन दिवसांत निकाल लावणं अन्यायाचं होतं, असं माझं ठाम मत आहे. माराहुतेइतकं सुंदर उडणारं काहीही त्या वर्षी पडद्यावर नव्हतं.

मागे बसलेल्या दहावीच्या मुलांनो, जरा इकडे लक्ष द्या. मी आल्यापासून पाहते आहे, तुमच्यातले कित्येक जण हा कार्यक्रम मोबाइलच्या पडद्यातून पाहत आहेत. आत्ता आदिवासी नृत्य झालं, त्यातली डावीकडून तिसरी मुलगी गिरकी घेताना आधी नजर वळवत होती आणि मग खांदा. किती जणांनी पाहिलं? अ‍ॅनिमेटर व्हा, डॉक्टर व्हा, गवंडी व्हा, बागायतदार व्हा, पण डोळ्यांनी पाहायला शिका. आज पाहा, उद्या पाहा, रोज पाहा. आजीचे हात भाकरी थापताना पाहा. एस्‌टी थांबताना आतली माणसं कशी पुढं झुकतात ते पाहा. आणि पाहिलेलं वहीत काढा. चांगलं आलं नाही तरी चालेल, पाहून काढलेलं असू दे.

दुसऱ्या रांगेतल्या त्या ताईंच्या मांडीवरची छोटी मघापासून पत्रिकेच्या मागे पेन्सिलीनं काहीतरी काढते आहे. ताई, तिला थांबवू नका हं.

मुख्याध्यापक बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, म्हणून संपवते. पाचवी ते नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी मी एकेक कोरी वही आणली आहे, गठ्ठे ऑफिसात ठेवले आहेत. संस्थाध्यक्षांना आणि मुख्याध्यापक बाईंना माझी हात जोडून विनंती आहे: चित्रकलेचा तास परीक्षेच्या दिवसांत गणिताला देऊ नका, आणि शनिवारी मुलांना पुन्हा तलावावर जाऊ द्या. सरांचं वय झालं असलं तरी ते काठावर बसायला येईन म्हणाले आहेत.