साखळी आणि गुंठा

(हिंजवडी येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



ज्या हिंजवडीत आपण जमलो आहोत, तेथे 'गुंठा' हा शब्द मुलांच्या कानी रोज पडतो. शेतांच्या जागी संगणक कंपन्यांच्या इमारती उठल्या, तरी जमिनीचा भाव गुंठ्यावरच बोलला जातो. हे माप गावोगाव रुळले ते इंग्रजी अमदानीतील जमीन-पाहणीमुळे. त्या पाहणीतील एक प्रमुख पुरुष म्हणजे जॉर्ज विंगेट.

विंगेटसाहेब मूळचे लष्करी एंजिनीअर. मुंबई इलाख्याच्या पथकातील लेफ्टनंट. त्यांच्यापूर्वी प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याने शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्याच्या 55 टक्के सारा ठरविला होता. कागदावर हिशेब चोख होता, पण रयतेला तो पेलेना; लोक शेते टाकून निघून गेले. तेव्हा 1835-36 च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने आरंभ केला. 33 फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. मातीची खोली, रंग व दोष पाहून तिची प्रतही आण्यांतच लावावयाची. सारा हलका करून तो 30 वर्षे कायम केला. पडीक रान पुन्हा नांगराखाली आले.

परंतु मोजलेले, नंबर पडलेले शेत गहाण टाकणेही सोपे झाले. सारा रोख, दिवाणी कोर्ट सावकाराच्या हाताशी. या कर्जबाजारीपणाविषयी विंगेटसाहेबांनी स्वतःच 1852 साली सरकारला लिहिले होते. पुढे मे 1875 मध्ये सुपे येथे रयत उठली, सावकारांचे रोखे हिसकावले गेले. आपल्या हातच्या कामाचा हा दुसरा परिणाम ज्याला वेळीच दिसला, त्या अधिकाऱ्याबद्दल मला आदर वाटतो. 1859 साली त्यांनी लंडनमध्ये पुस्तक काढून, हिंदुस्थानातून इंग्लंडला जाणारा पैसा ही खंडणीच होय, असेही मांडले.

आता वर्गासाठी एक सूचना. 33 फुटांची दोरी घेऊन मुलांकडून मैदानावर चौकोन आखून घ्यावा. 1089 चौरस फूट हा गुणाकार फळ्यावर रुक्ष वाटतो. त्या चौकोनात उभे राहिल्यावर तसा वाटत नाही. मग घरचा सातबारा आणावयास सांगावे. त्यावर हेक्टर व आर असतात. आर म्हणजे 100 चौरस मीटर, गुंठ्याहून किंचित लहान. किती लहान, हे मुलांनीच मोजून काढावे.